कंपनी बुडाली, तरी कारखाना का बुडावा?

अडचणीत आलेल्या वाहन कंपन्यांना सरकारने सावरावे का, हा प्रश्न ब्रिटनमध्ये नव्याने उपस्थित झाला आहे. भारतात तो उघडपणे क्वचितच विचारला जातो. त्याची किंमत मात्र आपण अनेक आडवाटांनी मोजत आलो आहोत.

सप्टेंबर २०२५ च्या प्रारंभी सायबर हल्ल्यामुळे जग्वार लँड रोव्हरच्या ब्रिटनमधील कारखान्यांचे उत्पादन ठप्प झाले आणि ते पाच आठवड्यांहून अधिक काळ बंद राहिले. मूळ कंपनीकडे तग धरण्याइतके भांडवल होते, पण तिला सुटे भाग पुरवणाऱ्या शेकडो लहान उद्योगांकडे ते नव्हते. मागणी थांबली, बिले थांबली आणि कामगारांचे पगार कसे करायचे, ही विवंचना सुरू झाली. अखेर महिना संपता संपता ब्रिटिश सरकारने दीड अब्ज पौंडांच्या कर्जाला हमी देण्याची घोषणा केली. या कंपनीची मालकी मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा समूहाकडे आहे. म्हणजे परदेशी मालकीच्या एका कंपनीसाठी ब्रिटिश करदात्याने जोखीम पत्करली.

हीच कंपनी २००९ च्या मंदीतही ब्रिटिश सरकारच्या दारात उभी होती. युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेच्या ३४ कोटी पौंडांच्या कर्जासाठी तिला सरकारी हमी हवी होती. सरकारने त्या बदल्यात घातलेल्या अटी मालकांना जाचक वाटल्या, बोलणी लांबली आणि शेवटी टाटा समूहाने खासगी मार्गाने पैसा उभा करून हमीचा नाद सोडला. एकाच कंपनीच्या या दोन प्रसंगांत सरकारी मदतीच्या साऱ्या वादाचे सार आहे. मदत कोणत्या कारणासाठी, कोणत्या अटींवर आणि नेमकी कोणाला, हे ठरल्याशिवाय ‘मदत करावी की नाही’ या प्रश्नाला अर्थ उरत नाही.

या वादात ‘कंपनी’ हा शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी सरसकट वापरला जातो. एक, भागधारकांचे व धनकोंचे भांडवल. दोन, निर्णय घेणारे व्यवस्थापन. आणि तीन, प्रत्यक्ष उत्पादनक्षमता, म्हणजे यंत्रे, ती चालवणारे कसबी हात आणि सुटे भाग पुरवणारी साखळी. पहिल्या दोहोंनी नफ्याच्या आशेने जोखीम स्वीकारलेली असते. त्यांचे नुकसान समाजाने भरून देण्याचे कारण नाही. तिसरी गोष्ट उभी राहायला दशके लागतात आणि मोडायला काही महिने पुरतात. सार्वजनिक पैशाचा विचार व्हायचाच असेल, तर तो केवळ तिच्यासाठी व्हावा. जगातील आणि भारतातील अनुभव तपासला, तर जिथे हा भेद पाळला गेला तिथे मदत फळली आणि जिथे तो पुसला गेला तिथे पैसाही गेला आणि कारखानाही.

साखळीचा प्रश्न

मोटार उद्योगालाच ही वेगळी वागणूक का, असा आक्षेप स्वाभाविक आहे. साबण बनवणारी कंपनी बुडाली, तर प्रतिस्पर्ध्यांचा धंदा वाढतो. मोटारींच्या धंद्यात मात्र एकाच्या बुडण्याने प्रतिस्पर्धीही अडचणीत येऊ शकतो, कारण दोघांचे पुरवठादार बहुधा एकच असतात. २००८ च्या अखेरीस जनरल मोटर्स आणि क्रायसलर अमेरिकी काँग्रेसपुढे मदत मागत होत्या, तेव्हा फोर्डचे प्रमुख अॅलन मुलाली यांनीही त्यांच्या बाजूने साक्ष दिली. फोर्डने २००६ मध्येच आपली मालमत्ता गहाण ठेवून मोठे कर्ज उभारले होते आणि पुढे त्या बेलआउट निधीतून पैसा घेतलाही नाही. तरीही प्रतिस्पर्ध्यांना वाचवा, असे ते सांगत होते; कारण समान पुरवठादार बुडाले, तर फोर्डचेही उत्पादन थांबणार होते.

ऑस्ट्रेलियात ही भीती प्रत्यक्षात उतरली. फोर्डने मे २०१३ मध्ये, तर जनरल मोटर्सच्या होल्डनने त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये तिथले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. पुढच्या दोनच महिन्यांत टोयोटानेही तोच निर्णय घेतला. दोन मोठे ग्राहक गेल्यावर सुट्या भागांचे उद्योग तग धरणार नाहीत, हे त्यामागचे एक कारण होते. ऑक्टोबर २०१७ मध्ये तिथला मोटारनिर्मितीचा अध्याय संपला. वर्षानुवर्षे दिलेली अनुदाने थांबवण्याचा ऑस्ट्रेलियन सरकारचा निर्णय कदाचित अपरिहार्य असेल. पण एका कंपनीविषयीचा निर्णय हा व्यवहारात पूर्ण उद्योगाविषयीचा निर्णय ठरतो, हे त्यातून दिसले.

अमेरिका आणि ब्रिटन

अमेरिकेने २००८-०९ मध्ये वाहन उद्योगासाठी सुमारे ८० अब्ज डॉलर मोकळे केले आणि हिशेब पूर्ण झाला तेव्हा ९ अब्जांहून अधिक तोटा करदात्याच्या पदरी आला. या रकमेकडे बोट दाखवून बेलआउट फसल्याचे म्हणता येते आणि कारखाने चालू राहिले याकडे बोट दाखवून तो यशस्वी झाल्याचेही. त्याहून महत्त्वाची आहे ती पद्धत. जनरल मोटर्सचे प्रमुख रिक वॅगनर यांना मार्च २००९ मध्ये पद सोडावे लागले. दोन्ही कंपन्यांना दिवाळखोरी न्यायालयात नेण्यात आले. जुन्या भागधारकांचे भांडवल जवळपास शून्यावर आले, रोखेधारकांना मोठा तोटा सोसावा लागला, अनेक ब्रँड आणि वितरक कमी करण्यात आले. सुस्थितीतील कारखाने व मालमत्ता नव्या कंपनीकडे सोपवून अवघ्या सहा आठवड्यांत जनरल मोटर्स न्यायालयातून बाहेर पडली. सरकारकडे तिची सुमारे ६१ टक्के मालकी आली आणि डिसेंबर २०१३ पर्यंत सरकारने ती पूर्णपणे विकून टाकली.

यातही अन्याय झालाच. नव्याने लागलेल्या कामगारांना जुन्यांपेक्षा बराच कमी पगार स्वीकारावा लागला. क्रायसलरचे उदाहरण तर मदतीच्या समर्थकांना अडचणीत टाकणारे आहे. १९८० मध्ये दीड अब्ज डॉलरच्या कर्जहमीवर तिला सावरण्यात आले. ली आयाकोका यांच्या काळात तिने कर्ज मुदतीच्या सात वर्षे आधी फेडले, सरकारला नफाही झाला आणि हा प्रयोग आदर्श म्हणून गाजला. तीस वर्षांनी तीच कंपनी पुन्हा त्याच दारात उभी राहिली. एकदा मदत मिळाली की पुढच्या संकटातही ती मिळेल, या भरवशावर निर्णय घेतले जातात, हा टीकाकारांचा मुद्दा म्हणूनच झटकून टाकता येत नाही.

ब्रिटिश लेलँडची कथा अधिक उद्बोधक आहे. १९७५ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. रोजगार राखायचा होता, जुनी मॉडेले आणि विस्कळीत कारखानेही तसेच राखले गेले. पुढची तेरा वर्षे सार्वजनिक पैसा ओतला गेला. १९८८ मध्ये ब्रिटिश एअरोस्पेस, १९९४ मध्ये बीएमडब्ल्यू, असे मालक बदलत गेले आणि २००० मध्ये रोव्हर मोटारींचा व्यवसाय नाममात्र १० पौंडांना विकला गेला. एप्रिल २००५ मध्ये तो कोसळला, तेव्हा सुमारे सहा हजार कामगारांची नोकरी गेली आणि लाँगब्रिजची यंत्रे व आराखडे चिनी कंपन्यांकडे गेले. त्याच ब्रिटनमध्ये १९८६ पासून संडरलँडला निस्सानचा कारखाना उभा आहे. त्यालाही सरकारी साह्य मिळाले होते. पण ते नव्या तंत्रासाठी, नव्या कार्यपद्धतीसाठी होते. एका पैशाने जुने दुखणे लांबले, दुसऱ्याने नवे काम उभे राहिले.

मारुती आणि उत्तरपारा

भारतातील सर्वांत यशस्वी मोटार कंपनी एका बुडालेल्या कंपनीच्या जागेवर उभी आहे, याचे आज विस्मरण झाले आहे. संजय गांधी यांनी १९७१ मध्ये स्थापन केलेली मारुती लिमिटेड गाडी बाजारात न आणताच अवसायनात गेली. १९८० मध्ये केंद्र सरकारने कायदा करून तिची मालमत्ता ताब्यात घेतली. या निर्णयामागे राजकीय व भावनिक कारणे होती, हे उघड आहे. परंतु सरकारने पुढे जे केले, ते कोणत्याही धोरणकर्त्याने अभ्यासावे असे आहे. जुन्या कंपनीचे आराखडे, व्यवस्थापन वा भागधारक यांपैकी काहीही पुढे आणले गेले नाही. घेतली ती गुडगावची जमीन आणि तिथले बांधकाम. १९८१ मध्ये मारुती उद्योग ही नवी कंपनी स्थापन झाली, १९८२ मध्ये सुझुकीला २६ टक्के हिस्सा देऊन भागीदार करण्यात आले आणि डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली. देशी सुट्या भागांचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवण्याचे बंधन होते. त्यातून पुरवठादारांची एक पिढी घडली. २००२ मध्ये सरकारने नियंत्रण सोडताना १,००० कोटी रुपयांचा अधिमूल्य घेतला, २००३ मध्ये भाग खुल्या बाजारात विकले आणि २००७ मध्ये उरलेला हिस्सा विकून सरकार बाहेर पडले. बुडीत प्रकल्पातून उभारलेल्या सरकारी कंपनीतून सरकार नफ्यासह बाहेर पडल्याची उदाहरणे आपल्याकडे विरळाच.

याच्या अगदी उलट हुगळीकाठच्या उत्तरपाऱ्याचे. हिंदुस्थान मोटर्सला थेट बेलआउट कधी मिळाला नाही. पण तिच्यासाठी जे केले गेले, ते बेलआउटहून वेगळे म्हणता येणार नाही. परवाना राजने प्रतिस्पर्धी रोखले, आयातबंदीने परदेशी गाड्या रोखल्या आणि अॅम्बेसेडर दशकानुदशके फारशा बदलाविना विकली गेली. मारुती आल्यावर सामान्य ग्राहक निघून गेला, तरी सरकारी खाती आणि टॅक्सी व्यवसाय यांनी तिला आणखी दोन-तीन दशके जगवले. २००६ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने कारखान्याच्या परिसरातील सुमारे ३१४ एकर जमीन विकण्यास कंपनीला परवानगी दिली. विक्रीतून येणाऱ्या पैशाने कारखान्याचे पुनरुज्जीवन व्हावे, अशी अपेक्षा होती. जमीन गेली, कारखाना सावरला नाही. वर्षाला जेमतेम दोन-अडीच हजार गाड्यांपर्यंत विक्री घसरली आणि मे २०१४ मध्ये दारावर ‘काम स्थगित’ असल्याची सूचना लागली. सुमारे अडीच हजार कामगारांसाठी तो शब्द बंदीपेक्षाही क्रूर ठरला. कारखाना कायदेशीर अर्थाने बंद नव्हता, म्हणून हिशेब होत नव्हता. आणि चालूही नव्हता, म्हणून पगार होत नव्हता. २०१७ मध्ये अॅम्बेसेडर हे नाव प्यूजो कंपनीला ८० कोटी रुपयांना विकले गेले. उरलेल्या जमिनीचा वाद त्यानंतरही न्यायालयात रेंगाळला.

उत्तरपारा अपवाद नव्हता. १९८५ च्या आजारी उद्योग कायद्याने आणि त्याखालील औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळाने हीच अवस्था देशभर नेली. मंडळापुढे प्रकरण गेले की धनकोंच्या कारवाईला स्थगिती मिळे. कारखाने गंजत, मालक जागेवर राहत आणि कामगार वाट पाहत. संरक्षण मालकीला मिळाले. क्षमता मात्र विरून गेली.

साणंद आणि तळेगाव

गेल्या दशकात प्रश्नाचे स्वरूप पालटले. जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातील विक्री थांबवली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. या कंपन्यांना कोणी वाचवावे, असे फारसे कोणी म्हटले नाही आणि ते योग्यच होते. दहा वर्षांत दोन अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाल्याचे फोर्डने स्वतः सांगितले होते. भारतीय ग्राहकाने आपला कौल दिला होता. प्रश्न होता तो मागे राहणाऱ्यांचा.

साणंदमध्ये गुजरात सरकारच्या सहभागाने तोडगा निघाला. टाटा समूहाने ७२५ कोटी रुपयांना कारखाना घेतला आणि वाहननिर्मिती विभागातील पात्र कर्मचाऱ्यांना सामावून घेण्याचे करारातच नमूद झाले. तळेगावात मात्र तसे घडले नाही. चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सने जानेवारी २०२० मध्ये तो कारखाना घेण्याचा करार केला. पण त्याच वर्षी शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीचे नियम केंद्राने कडक केल्यावर तो अडकला आणि अखेर बारगळला. डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबले. हजाराहून अधिक कामगारांचा वाद औद्योगिक न्यायालयापासून उच्च न्यायालयापर्यंत गेला. ह्युंदाईने २०२४ च्या प्रारंभी कारखाना ताब्यात घेतला आणि २०२५ मध्ये तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. कारखाना वाचला, पण मधल्या वर्षांत तिथले मनुष्यबळ विखुरले.

चीनविषयक निर्णयामागील सुरक्षेचा विचार चुकीचा होता, असे नाही. पण राष्ट्रीय हितासाठी केंद्राने एक खरेदीदार बाजूला सारला असेल, तर त्या निर्णयाची किंमत तळेगावच्या कामगाराने एकट्याने का मोजावी? दुसरा खरेदीदार मिळेपर्यंत कारखाना आणि कामगार यांना जोडून ठेवणारी तात्पुरती व्यवस्था हीच खरी मदत ठरली असती. त्यासाठी लागणारी रक्कम कोणत्याही बेलआउटच्या तुलनेत किरकोळ होती.

आडवाटेचे बेलआउट

भारतात बेलआउट होत नाही, हा समज बाळगणाऱ्यांनी मोटारींवरील आयात कराकडे पाहावे. पूर्ण तयार गाड्यांवर दीर्घकाळ ६० ते १०० टक्के, प्रसंगी त्याहूनही अधिक कर आपण आकारत आलो. ही मदत अर्थसंकल्पात खर्च म्हणून दिसत नाही. ती ग्राहक वाढीव किमतीतून देतो. तिला मुदत नसते, तिच्यावर संसदेत चर्चा होत नाही आणि ती चांगल्या-वाईट कंपन्यांत भेद करत नाही. ब्रिटनबरोबर जुलै २०२५ मध्ये झालेल्या करारात ठरावीक संख्येपुरता हा कर टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर आणण्याचे मान्य करण्यात आले, ही म्हणूनच स्वागतार्ह सुरुवात आहे.

आडवाटेच्या मदतीतही बरे-वाईट असते. २०१९ च्या मंदीत सरकारने नव्या गाड्यांच्या सरकारी खरेदीवरील बंदी उठवली, घसाऱ्याचा दर वाढवला. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणला. त्यात कोणत्याही एका कंपनीची निवड नव्हती. ग्राहक ज्याच्याकडे गेला, त्याला लाभ झाला. २५,९३८ कोटी रुपयांची उत्पादनसंलग्न प्रोत्साहन योजना प्रगत तंत्राच्या वाहनांवर आणि भागांवर, वाढीव विक्रीनंतरच पैसे देते. किमान ५० टक्के मूल्यवर्धन देशात झाले पाहिजे, अशी अटही तिला आहे. बुडत्याला हात देण्याऐवजी पोहणाऱ्याला बळ देणारे हे धोरण आहे. पण जो बुडेल त्याच्या कामगारांचे काय, याचे उत्तर त्यात नाही.

ते उत्तर लवकरच द्यावे लागेल. विजेवर चालणाऱ्या गाडीला इंजिन लागत नाही; इंधनाची टाकी, धूर बाहेर टाकणारी नळी, क्लच आणि अनेक गिअरही लागत नाहीत. पिंपरी-चिंचवड आणि चाकण, गुरुग्राम-मानेसर, श्रीपेरुंबुदूर, जमशेदपूरजवळील आदित्यपूर, पिथमपूर येथील हजारो लहान उद्योग नेमके हेच भाग घडवतात. हे संक्रमण एखाद्या मोठ्या कंपनीच्या गाजलेल्या दिवाळखोरीच्या रूपाने येणार नाही. पन्नास कामगारांचे एक वर्कशॉप आज, दुसरे सहा महिन्यांनी, असे ते येईल. त्यांच्यासाठी कोणी संसदेपुढे साक्ष द्यायला जाणार नाही. शिवाय संघटित कारखान्यांतील पाचपैकी सुमारे दोन कामगार आज कंत्राटी आहेत. कंपनीला दिलेली मदत असो वा स्वेच्छानिवृत्तीचा करार, तो कायम कामगारापर्यंत पोहोचतो. कंत्राटी कामगार हिशेबात धरलाच जात नाही.

चार कसोट्या

यातून धोरणाच्या चार कसोट्या निघतात. पहिली, संकट बाहेरून आलेला तात्पुरता आघात आहे की आतला जुनाट आजार, हे आधी ठरावे. सायबर हल्ला, महासाथ, पतपुरवठा गोठणे या प्रसंगी कर्जहमी समर्थनीय आहे. ग्राहकाने नाकारलेल्या गाडीसाठी ती नाही. दुसरी, सरकारचा पहिला रुपया येण्यापूर्वी भागधारकांचा शेवटचा रुपया गेलेला असावा आणि सरकारने पैसा दिला तर त्या प्रमाणात मालकीही घ्यावी. तिसरी, बाहेर पडण्याची तारीख मदत देतानाच जाहीर व्हावी. चौथी, मदत शक्यतो कंपनीच्या तिजोरीत न जाता कामगार आणि लहान पुरवठादार यांच्याकडे थेट जावी.

शेवटच्या कसोटीसाठी कायद्यात बदल लागतील. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने जुन्या मंडळाची कोंडी फोडली, मालकाला खुर्ची सोडायला लावली, हे तिचे श्रेय. पण ३३० दिवसांची कमाल मर्यादा कागदावर असताना प्रत्यक्षातील सरासरी काळ त्याच्या जवळपास दुप्पट आहे. मोटारींचा साचा आणि कसबी कामगार इतका काळ थांबत नाहीत. संहितेच्या वाटपक्रमात कामगारांच्या २४ महिन्यांच्या थकबाकीला तारण असलेल्या धनकोंच्या बरोबरीचे स्थान आहे. सुटे भाग देणारा लहान उद्योजक मात्र बऱ्याच खालच्या पायरीवर उभा असतो. त्याच्या बिलांना ठरावीक मर्यादेपर्यंत अग्रक्रम देता येईल. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने कामगार कपातीसाठी सरकारी परवानगीची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर नेली आणि त्याबरोबर पुनःकौशल्य निधीची तरतूद केली. त्यात मालकाचा वाटा दर कामगारामागे १५ दिवसांच्या वेतनाइतका आहे. वीस वर्षे गिअर घडवलेल्या हातांना बॅटरी जोडणीचे काम शिकवायला पंधरा दिवसांचे वेतन पुरणार नाही. ज्या राज्यांनी कारखान्यांना स्वस्त जमीन आणि करसवलती दिल्या, त्यांनी यात भर घालायला हवी. तसेच कारखाना विकला गेल्यास नव्या खरेदीदाराने जुन्या कामगारांना प्रथम संधी द्यावी, ही अट जमीन देतानाच करारात लिहिली पाहिजे. उद्योगाला आमंत्रण देण्याच्या चढाओढीत कोणतेही राज्य आज ती घालत नसेल, तर केंद्राने सर्वांसाठी समान नियम करावा.

या कसोट्या लावल्यास बहुतेक वेळा उत्तर ‘कंपनीला मदत नको’ असेच येईल, आणि ते यावे. मात्र त्या नकाराबरोबर सरकारची जबाबदारी संपत नाही. तारण घेतलेली बँक आपला वाटा वसूल करते, मालक दुसरा धंदा शोधतो, जमिनीला गिऱ्हाईक मिळतेच. उत्तरपाऱ्याच्या कामगाराला वर्षानुवर्षे ना हिशेब मिळाला ना काम. त्याला दोन्हींपैकी एक वेळेत मिळण्याची हमी देणे, हे अडचणीतील वाहन उद्योगाबाबत सरकारचे पहिले कर्तव्य आहे.